आमच्यात कोणालाच नाही

“विचारलंच तर सांगायचं, आमच्यात कोणालाच नाही.”

आई स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. पलीकडे ताई होती, माझी मोठी बहीण, लग्नानंतर नाशिकला असते ती. मी आतल्या खोलीत आरशासमोर ओठाच्या कडेचं कन्सीलर ओल्या कापसाने पुसत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी विरारला त्वचेच्या डॉक्टरांकडे जायचं होतं, आणि क्लिनिकमधल्या मुलीने बजावलं होतं की येताना क्रीम नको, पावडर नको, तोंडाला काहीच लावू नका. कापूस फिरला तसा डाग वर आला. तांदळाच्या दाण्याएवढा. मनगटावरचा याहून मोठा आहे, पण त्यावर घड्याळ असतं.

आईचा आवाज आणखी खाली गेला. मी कमी बोलते, म्हणून घरच्यांना वाटतं की मला ऐकूही कमीच येत असणार. तसं नाही. मला सगळं ऐकू येतं. फक्त मी ते कुठे पोचवत नाही.

आता पोचवतेय. इतकी वर्षं ही गोष्ट मी कोणाला सांगितली नव्हती — ताईला नाही, मैत्रिणींना नाही, झोपताना स्वतःशीसुद्धा पूर्ण वाक्यात नाही. डागाबद्दल म्हणत नाहीये मी. डागाचं घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी सांगतेय ते डागाच्या खूप आधीचं आहे, आणि ते माझं आहे, शरीराचं नाही.

आम्ही वसईजवळच्या सांडोर गावचे, वाडीवाले. घरामागे केळी, तोंडलीचा मांडव, अळू, विहीर. बाबा नोकरीवर असतात, वाडी आत्या बघते. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचं लग्न झालं नाही. तिचे हात कोपरापर्यंत पांढरे आहेत, पावलं पांढरी आहेत, ओठांभोवतीही पांढरं आहे. कोड.

हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. ‘तिचं ते’ असं म्हणतात. मी इंग्लिश मीडियमची. मनगटावर पहिला डाग दिसला तेव्हा मी फोनवर इंग्लिशमध्ये शोधलं, आणि व्हिटिलिगो हा शब्द वाचून जरा बरंच वाटलं. एखाद्या परक्या गावाचं नाव वाटलं ते, जिथून आपण थोडे दिवस राहून परत येऊ. मराठी शब्द मात्र मी मनातही येऊ दिला नाही. त्या शब्दाला आत्याचे हात होते.

आत्याला ते कशाने झालं याची घरात एक ठरलेली हकिगत आहे. लहानपणी कुठल्याशा बारशाला तिने आधी बोंबलाचं कालवण खाल्लं आणि कोणाचं लक्ष नसताना वर वाटीभर बासुंदी खाल्ली. मासे आणि दूध. झालं. आजोबा हे सांगायचे, आता बाबा सांगतात. या हकिगतीत किती सोय आहे बघा — दोष घराण्याचा राहत नाही, आत्याच्या जिभेचा होतो. मग ताईच्या लग्नाला, माझ्या लग्नाला काही अडत नाही. आत्याने ती कधी खोडून काढली नाही. अजूनही घरात मासे असले की त्या दिवशी ती चहा कोराच पिते. आता आणखी काय व्हायचं राहिलंय तिला? पण पिते.

माझा डाग बघून आईने पहिला प्रश्न तोच विचारला. काय खाल्लंस? ऑफिसमधल्या मुलींबरोबर मासे खाऊन वर मिल्कशेक प्यायलीस का? सायन्स शिकलेली मी. हसायला हवं होतं. मी आठवत बसले.

मग आईची तयारी सुरू झाली. माझ्या ताटातले मासे बंद, दही बंद, लिंबू बंद. वसईत चांगले डॉक्टर आहेत, पण तिथे काउंटरवर भुईगावची मुलगी बसते आणि तिची मावशी आमच्याच गल्लीत दिलेली, म्हणून ते बाद. विरारला पूर्वेला जायचं, तिथल्या इमारतींत कोण कोणाला ओळखतं? पूर्ण बाह्यांचा ड्रेस इस्त्री करून ठेवला. माझ्यासाठी स्थळं बघायला नुकतीच सुरुवात झाली होती. आईचं म्हणणं असं की डॉक्टर सगळं लिहून घेतात, आणि एकदा लिहिलं की ते कोणाच्याही हाती लागू शकतं. म्हणून ते वाक्य. ताईला सासरी कोणी विचारलं तर म्हणून तिने ते फोनवर पढवलं, मग संध्याकाळी माझ्यासमोर भाजी निवडता निवडता, माझ्याकडे न बघता, पुन्हा म्हणाली. मी हो म्हटलं.

आणि त्याच्या आधी मी आत्यालाही हो म्हटलं होतं.

कारण डाग पहिल्यांदा आत्यानेच पाहिला होता. विहिरीपाशी हात धुवायला मी घड्याळ काढलं होतं. तिने काही न विचारता माझं मनगट धरलं, उन्हाकडे वळवलं. आपल्या हातात माझा हात घेऊन ती बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “लवकर जा बाय. माझ्या वेळेला कोणी नेलंच नाय.” मग म्हणाली, “घरात कोणाला हाय का ते विचारतील. माझं सांग. लपवू नको.”

म्हणजे डॉक्टर एकच प्रश्न विचारणार होते आणि माझ्याकडे दोन होकार होते. तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? खरं सांगायचं आणि मोकळं व्हायचं. मलाही तेच वाटायला हवं होतं. पण ही बाई तुझी कोण, हे मला आधी एकदा विचारलं गेलेलं होतं. आणि मी उत्तर दिलेलं होतं.

शाळेचं आधी सांगते. शाळेची बस नाक्यावर यायची, आणि आईला सकाळी डब्याची घाई, म्हणून सोडायला आत्या यायची. माझं दप्तर तिच्या खांद्यावर. दुसरी-तिसरीत गेल्यावर मी तिला वळणावरच्या क्रुसापाशी थांबवायला लागले. इथून मी जाते, म्हणायची. ती थांबायची, दप्तर माझ्या पाठीवर चढवायची आणि बस निघेपर्यंत तिथेच उभी राहायची. मी खिडकीतून हात करायची नाही.

हे मी का सांगतेय? लहान चूक आधी सांगितली की मोठी जरा सवयीची वाटते, म्हणून. कळतंय मला.

ताईला बघायला नाशिकची मंडळी आली तेव्हा मी बारावीत होते. अशा दिवशी आत्या वाडीत असायची. तिला कोणी तसं सांगत नसे — सांगावं लागत नसे. पहाटे उठून तिने अळूची पानं काढली, पीठ लावून उंडे वळले, वड्या तळल्या, आणि गाडीचा आवाज आल्यावर मागच्या दाराने निघून गेली. बशा आईने बाहेर नेल्या. वड्यांचं फार कौतुक झालं. मुलाच्या आईने दोनदा मागून घेतल्या.

मुलगा आणि ताई गॅलरीत बोलत होते. मुलाच्या आईला वाडी बघायची होती, म्हणून आईने मला खूण केली, घराजवळचीच दाखव. त्या चांगल्या होत्या हो. मला कॉलेजचं विचारत होत्या, तोंडलीचा वेल कसा चढवतात ते विचारत होत्या. मी थोडं थोडं सांगत होते. आणि केळींच्या मागून आत्या आली — हातात पानांचा भारा. जेवायला पानं लागणार होती, ती काढायला गेली होती. आम्ही दिसलो तशी ती जागच्या जागी उभी राहिली. भर ऊन होतं. आखूड बाह्यांचा ब्लाउज.

मला माणसांचे चेहरे बघायची सवय आहे. त्या बाईंचा चेहरा मी बघितला. आधी त्यांची नजर आत्याच्या हातांवर गेली, मग ओठांवर. मग तिथून निघून माझ्या चेहऱ्यावर आली. शोधत होती ती. माझं कपाळ आत्यासारखं आहे, सगळेच म्हणतात.

“ह्या कोण?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, “कामाला येतात. वाडीत.”

असं सांग म्हणून मला कोणी पढवलं नव्हतं. आईने एवढंच सांगितलं होतं की तो विषय आपण होऊन काढू नका. मी गप्प राहू शकले असते. गप्प राहणं मला येतं, तेवढं एकच मला उत्तम येतं — आणि नेमकं त्या दिवशी मी बोलले. लगेच. न अडखळता. त्या उत्तराला किती वेळ लागला असेल? श्वास घेण्याइतकाही नाही. म्हणजे ते आत तयारच असणार. कधीपासून? क्रुसापासून?

आत्या चार पावलांवर होती. तिने ऐकलं नसावं असं मला वाटलं, म्हणजे वाटावं असं वाटलं. तिने भारा खाली ठेवला. पदर डोक्यावरून घेतला, तो ती एरवी कधी घेत नाही. आणि म्हणाली, “बाई, तिकडे शेवाळ हाय, जपून या.” मग माझ्याकडे वळली. मला जिने न्हाऊ घातलंय, जी मला बाय म्हणते, ती मला म्हणाली, “मालकीणबाईंना सांगा, पानं काढून ठेवलीत.”

सांगा, म्हणाली.

तिने माझं खोटं हातात घेतलं आणि ते कुठे फाटणार नाही असं नीट शिवून मला परत दिलं. त्या बाईंचा चेहरा सैल झाला. घराकडे परतताना त्या माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, “हात धुवायला पाणी तूच घाल हं. आणि हिला स्वयंपाकघरात नका येऊ देऊ.” मी मान हलवली.

ताईचं जमलं. सगळे आनंदात होते, मीही होते — खरंच होते. आत्यासाठी जांभळी साडी आणली होती, तिनेच रंग सांगितला होता. लग्न वसईतच, हॉलमध्ये. त्या सकाळी सगळे तयार होऊन बाहेर आलो तर आत्या घरातल्याच लुगड्यात. म्हणाली, गुडघा धरलाय, आणि घर कोणी तरी सांभाळायला हवंच. बाबांनी समजावलं, मग चिडले. आई चिडली नाही, ती फक्त म्हणाली, “भाचीचं सुख बघवत नाही.” आत्यासमोर म्हणाली. आत्याने देवाजवळचं निरांजन सारखं केलं आणि आत निघून गेली.

गाडीत ताई रडली. मेकअप बिघडेल म्हणून आई तिच्या डोळ्यांखाली रुमाल धरून बसली होती. ताई म्हणत होती, मी तिचं काय वाईट केलं? मी पुढच्या सीटवर होते. मांडीवर ओवाळणीचं ताट.

तुम्हाला कळलंच असेल. मलाही त्याच क्षणी कळलं होतं. आत्या हॉलवर आली असती तर नवरीच्या आत्येला पुढे बोलावलं गेलं असतं, फोटोत आमच्या शेजारी उभं केलं गेलं असतं, आणि ताईच्या सासूबाईंनी ओळखलं असतं — ही तर वाडीत कामाला येते ती. तिथे, सगळ्यांदेखत, मी खोटी पडले असते, आणि कोणास ठाऊक, ताईचं लग्नही. आत्या घरी राहिली, कारण मी काय बोलले होते ते तिला माहीत होतं. दुसरं कोणालाच माहीत नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. गाडीतून वसईच्या हॉलपर्यंत जायला तसा बराच वेळ लागतो, सिग्नलला थांबलो, फुलं घ्यायला थांबलो. मी समोर बघत बसले.

त्यानंतर ते तसंच घट्ट होत गेलं. आत्या जळकी. स्वतःचं झालं नाही म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही. ताई माहेरी येते तेव्हा तिच्याशी कामापुरतं बोलते. सासरी तिने आत्याचं नाव काढलेलं नाही, ज्या माणसाला आपण नको, त्याच्याबद्दल काय सांगायचं? गणपतीला ताईच्या सासरचे येतात, त्या दिवशी आत्या भुईगावला तिच्या लहानपणच्या मैत्रिणीकडे जाते. आई म्हणते, बघ, पुन्हा गेली. मी मोदकांच्या कळ्या पाडत असते. एका वर्षी आई असं म्हणाली आणि मी — ऐका, कारण याहून खाली मी गेलेली नाही — मी म्हणाले, “हो ना.”

कोणी विचारलंही नव्हतं मला. नुसतं हो ना.

आणि आत्या? ती माझ्या डब्यात तोंडलीची भाजी देत राहिली. परीक्षेला निघाले की हातावर साखर ठेवत राहिली. मला कधी कधी तिचा रागच यायचा. एकदा तरी बोल ना, एकदा तरी माझ्याकडे तसं बघ. ती बघायची नाही. आणि मग त्या सकाळी विहिरीपाशी तिने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, माझं सांग. ती एवढंच म्हणाली का? औषधासाठीच म्हणाली का? मी खूप विचार केला. मला वाटतं, औषधासाठीच म्हणाली. तिच्या मनात दुसरं काही नव्हतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं.

दुपारी आम्ही निघालो. चेहरा उघडा, धुतलेला. रिक्षात आई माझ्या ओठाच्या डागावर नजर जाऊ नये म्हणून मुद्दाम रस्त्याकडे बघत होती. क्लिनिकमध्ये गर्दी होती. समोर एक मुलगी ओढणीने तोंड पूर्ण गुंडाळून बसली होती, तिच्या शेजारच्या माणसाच्या दंडावर लाल चट्टे होते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला काय झालंय ते चोरून बघत होता. मीही. आईने माझा हात ओढून आपल्या पदराखाली घेतला. माझं नाव पुकारलं तेव्हा माझे तळवे इतके ओले झाले होते की दाराची मूठ हातातून सटकली.

डॉक्टर बाई होत्या, आईच्या वयाच्या. त्यांनी डाग बघितले, कधीपासून ते विचारलं, थायरॉइडची तपासणी झालीये का विचारलं. मग दिवा बंद केला आणि एक निळसर दिवा माझ्या हाताजवळ आणला. मनगटावरचा डाग चुन्यासारखा उजळला. ओठाचाही. मग त्या दिवा वर नेत गेल्या — भुवईत एक, कानामागे एक, मानेवर दोन. हे मला माहीतच नव्हते. कोपऱ्यातल्या स्टुलावर आईने श्वास आत ओढलेला मला ऐकू आला.

“घरात कोणाला आहे का असं?” अंधारातच डॉक्टरांनी विचारलं.

“नाही हो,” आई म्हणाली. “आमच्यात कोणालाच नाही.”

“वडिलांच्या बाजूला?”

“कोणालाच नाही.”

खोलीतला दिवा लागला. डॉक्टर लिहायला लागल्या. आई माझ्याकडे बघत होती. ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती, आणि तिला घाबरलेलं बघून मी पुन्हा गप्प बसणार होते. डॉक्टरांचं पेन ओळीच्या शेवटाला आलं. पान उलटलं की तो प्रश्न संपला असता, कायमचा.

“आहे,” मी म्हणाले. “माझ्या सख्ख्या आत्याला आहे. वडिलांच्या बहिणीला. ती आमच्याच घरात राहते.”

डॉक्टरांनी मान वर केली आणि विचारलं, कितव्या वर्षी सुरू झालं त्यांना. त्यांना तेवढंच हवं होतं. मला उत्तर येत होतं, लहानपणी, एवढंच सांगायचं होतं. पण मी आईकडे वळले, आणि माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका मोठा निघाला तो.

“ताईच्या लग्नाला आत्या आली नाही ती जळून नाही, आई. ताईच्या सासूबाईंनी मला विचारलं होतं, ह्या कोण. मी सांगितलं, कामाला येतात. आत्या तिथेच उभी होती.”